बोल्टिंग बंधू : कुणाचीच बाजू न घेण्याची किंमत

१९६३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने एका चमत्कारिक खटल्याचा निकाल दिला. एरवी कामगार न्यायालयाची पायरी चढतो तो संघटनेने आपल्याला सामावून घ्यावे म्हणून, किंवा मालकाने संघटनेला मान्यता द्यावी म्हणून. इथे मात्र दोन चित्रपट-दिग्दर्शक न्यायालयाला विनवीत होते, की आम्हांला संघटनेचे सभासद होता येत नाही असे जाहीर करा. संघटना होती चित्रपट आणि दूरचित्रवाणी तंत्रज्ञांची. तिचे म्हणणे असे, की तुम्ही स्वतः चित्रपट दिग्दर्शित करता, म्हणजे तंत्रज्ञाचे काम करता; तेव्हा सभासद व्हा. दिग्दर्शकांचे उत्तर असे, की आम्ही आमच्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक आहोत. संघटनेची शिस्त पाळायची तर कंपनीचे हित बाजूला ठेवावे लागेल. एकाच माणसाने दोन धन्यांची चाकरी कशी करावी? तीन न्यायमूर्तींपैकी लॉर्ड डेनिंग यांना हा युक्तिवाद पटला. उरलेल्या दोघांना पटला नाही. संचालकाने परस्परविरोधी बांधिलकीत अडकू नये हा नियम कंपनीच्या रक्षणासाठी आहे, संचालकाने स्वतःसाठी ढाल म्हणून तो वापरायचा नाही, असा बहुमताचा आशय होता. दिग्दर्शक हरले.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही तो वाचावा असे मला वाटते. कारण हे दोघे दिग्दर्शक म्हणजे जॉन आणि रॉय हे बोल्टिंग बंधू, आणि चारच वर्षांपूर्वी, १९५९ साली, मालक आणि कामगारसंघटना या दोघांचीही यथेच्छ टर उडवणारा 'आय अ‍ॅम ऑल राइट, जॅक' हा चित्रपट त्यांनी काढला होता. पडद्यावर ज्यांनी 'आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही' असे सांगितले, त्यांना न्यायालयात मात्र एक बाजू निवडावी लागली. उपहासकाराला बाजू असते का, आणि नसली तर ती नसण्याची किंमत काय, हा प्रश्न आपण वर्गात उपहास आणि उपरोध यांच्या व्याख्या शिकवताना सहसा टाळतो. बोल्टिंग बंधूंच्या कारकिर्दीत तो टाळता येत नाही.

जॉन आणि रॉय हे जुळे भाऊ. २१ डिसेंबर १९१३ रोजी बर्कशायरमधील ब्रे या गावी त्यांचा जन्म झाला. १९३७ साली, वयाच्या चोविशीत, त्यांनी 'चार्टर फिल्म प्रॉडक्शन्स' ही स्वतःची कंपनी स्थापन केली. त्याच सुमारास स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते आणि जॉन प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णवाहिका चालवायला गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ज्यांना 'सगळ्यांची सारखीच थट्टा करणारे' म्हणून ओळखले गेले, त्यांची सुरुवात थट्टेने झालेली नाही. विश्वासाने झाली आहे.

कामाची वाटणीही ठरून गेली. एकाने दिग्दर्शन करायचे, दुसऱ्याने निर्माता व्हायचे. पुढच्या चित्रपटात अदलाबदल. निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यातील नित्याचा संघर्ष या व्यवस्थेत घरातच मिटत असे. पैसा सांभाळणारा भाऊ चित्रीकरणाची अडचण जाणत असे, कारण मागच्या खेपेला त्याच खुर्चीवर तो बसलेला असे. स्वतंत्र निर्मितीचे हे सगळ्यात साधे आणि बहुधा सगळ्यात टिकाऊ भांडवल.

त्यांचे पहिले मोठे धाडस म्हणजे 'पास्टर हॉल'. जर्मन नाटककार एर्न्स्ट टॉलर याचे हे नाटक नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या एका धर्मोपदेशकाविषयी आहे. त्यामागे मार्टिन नीमोलर यांची हकीकत आहे. परागंदा टॉलरने मे १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आत्महत्या केली. ब्रिटिश सेन्सॉरने युद्धापूर्वी या विषयाला परवानगी नाकारली होती, कारण एका मित्रराष्ट्राचा त्यात अवमान होत होता! सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि कालचा अवमान आज देशकार्य ठरला. १९४० साली रॉयच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट पडद्यावर आला. अमेरिकेत त्याच्या वितरणात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे चिरंजीव जेम्स होते आणि एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याची प्रस्तावना केली. सत्य काय ते सत्ता ठरवते, आणि तारीख बदलली की सत्यही बदलते, हा धडा या भावांना सव्विसाव्या वर्षी मिळाला. त्यांच्या पुढच्या सगळ्या उपहासाचे बीज इथे आहे.

युद्धकाळात रॉय लष्कराच्या चित्रपट विभागात आणि जॉन हवाई दलाच्या चित्रपट विभागात गेला. रॉयच्या 'डेझर्ट व्हिक्टरी' (१९४३) या एल अलामीनच्या लढाईवरील माहितीपटाला ऑस्कर मिळाले. रात्रीच्या काळोखात तोफा एकदम धडाडतात तो त्यातला प्रसंग विख्यात आहे. त्यातील सैनिकांचे काही जवळून घेतलेले चेहरे मात्र वाळवंटातले नव्हेत, पाइनवुड स्टुडिओतले आहेत. जॉनने 'जर्नी टुगेदर' (१९४५) केला. रॉयचा 'बर्मा व्हिक्टरी' (१९४५) आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. हा चित्रपट मुळात ब्रिटन आणि अमेरिका मिळून करणार होते. पण हे युद्ध कशासाठी चालले आहे यावरच एकमत होईना. अमेरिकेला चीनकडे जाणारा रस्ता महत्त्वाचा, ब्रिटनला ब्रह्मदेश परत मिळवणे महत्त्वाचे. अखेर दोघांनी वेगवेगळे चित्रपट काढले. ज्या चौदाव्या सैन्याची ही विजयगाथा, त्यातील बहुसंख्य सैनिक भारतीय होते. मराठा पलटणीही त्या मोहिमेत लढल्या. ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्या या भांडणात 'हे युद्ध कुणाचे' हा तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आपण तो चित्रपट पाहताना विचारला पाहिजे.

१९४५ च्या उन्हाळ्यात मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला. ब्रिटिश चित्रपटगृहांत १९४६ साली सुमारे १६३ कोटी तिकिटे विकली गेली. इतकी त्यापूर्वीही नाही आणि त्यानंतरही नाही. स्वतंत्र निर्मात्याला याहून चांगला काळ कोणता? पण चित्रपटगृहांच्या साखळ्या दोन मोठ्या गटांच्या हाती होत्या : एक रँक यांचा, दुसरा एबीसीचा. चित्रपट काढण्याचे स्वातंत्र्य कुणालाही होते, तो दाखवण्याचे नव्हते. पैशाची रीत अशी, की वितरकाने हमी द्यायची, त्या हमीवर बँकेने खर्चाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज द्यायचे; उरलेली, सर्वांत शेवटी फिटणारी आणि म्हणून सर्वांत धोक्याची रक्कम निर्मात्याने कुठून तरी उभी करायची. हा 'कुठून तरी' म्हणजेच स्वतंत्र निर्मात्याचे मरण. १९४९ साली सरकारने राष्ट्रीय चित्रपट अर्थसाहाय्य महामंडळ स्थापन केले ते ही फट बुजवण्यासाठी. १९५० पासून तिकिटांवर ईडी अधिभार आला आणि त्याचा वाटा निर्मात्यांकडे जाऊ लागला. म्हणजे ज्याला आपण 'स्वतंत्र' चित्रपट म्हणतो, तो मक्तेदारीपासून स्वतंत्र होता, शासनापासून नव्हे. बोल्टिंगांची थट्टा ज्या व्यवस्थेवर होती, त्याच व्यवस्थेच्या आधाराने ती थट्टा उभी होती.

या काळातले त्यांचे चित्रपट गंभीर आहेत, आणि साहित्याशी त्यांचे नाते जवळचे आहे. 'फेम इज द स्पर' (१९४७) हा हॉवर्ड स्प्रिंगच्या कादंबरीवरचा. गरीब वस्तीतून आलेला एक समाजवादी पुढारी पायरी पायरीने सत्तेपर्यंत चढतो आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा रिकामा होत जातो. रॅम्से मॅकडोनाल्ड यांची सावली या पात्रावर आहे हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. १८१९ च्या पीटरलूच्या हत्याकांडातली एक तलवार घरातल्या वृद्धाकडून त्याच्याकडे आलेली असते. तरुणपणी तो ती सभांतून उगारतो. अखेरीस म्हातारपणी तो ती उपसू पाहतो तेव्हा ती म्यानातच गंजलेली असते. मजूर सरकार सत्तेवर असताना, त्याच्या ऐन भरात, हा चित्रपट आला. तो विरोधकाचा नव्हे. आपल्या माणसांविषयी भय वाटणाऱ्याचा आहे.

त्यानंतरचा 'ब्रायटन रॉक' हा जॉनने दिग्दर्शित केलेला चित्रपट माध्यमांतराच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावा. ग्रॅहम ग्रीनची कादंबरी १९३८ची. पटकथा स्वतः ग्रीन आणि टेरेन्स रॅटिगन यांची. पिंकी या सतरा वर्षांच्या गुंडाच्या भूमिकेत रिचर्ड अ‍ॅटनबरो. पिंकीने आपली भाबडी बायको रोझ हिच्यासाठी एका यंत्रावर ध्वनिमुद्रिका करून ठेवलेली असते. तीत प्रेमाचे शब्द नसून तिच्याविषयीचा निखळ द्वेष असतो. कादंबरीच्या शेवटी पिंकीच्या मृत्यूनंतर रोझ ती ऐकायला घरी निघते; पुढचे लेखक दाखवत नाही, वाचकाच्या अंगावर काटा येतो. चित्रपटात ती मुद्रिका लावते आणि सुई नेमकी 'मी तुझ्यावर प्रेम करतो' या शब्दांवर अडकते. पुढचा द्वेष तिला ऐकूच येत नाही. काहींना ही तडजोड वाटते. मला तसे वाटत नाही. कादंबरीत रोझचा भ्रमनिरास अटळ आहे. चित्रपटात तिला फसवणुकीतच आयुष्यभर जगावे लागणार आहे, आणि ते एका यांत्रिक बिघाडाच्या कृपेने. कोणती शिक्षा मोठी, हे ठरवणे सोपे नाही.

'द गिनी पिग' (१९४८) मध्ये पंचविशीतला अ‍ॅटनबरो चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा झाला : तंबाखूच्या दुकानदाराचा मुलगा प्रयोगादाखल उच्चभ्रू निवासी शाळेत घातला जातो. 'सेव्हन डेज टू नून' (१९५०) मध्ये एक अणुशास्त्रज्ञ पंतप्रधानांना पत्र लिहितो, की सात दिवसांत अशी शस्त्रे बनवणे थांबवले नाही तर मी लंडन उडवून देईन. त्याच्या कथेला ऑस्कर मिळाले. पण चित्रपट लक्षात राहतो तो निर्मनुष्य लंडनमुळे. ब्रिटनने अणुबाँब बनवण्याचा निर्णय १९४७ साली गुप्तपणे घेतला होता आणि पहिली चाचणी १९५२ साली व्हायची होती. म्हणजे संसदेत ज्याची धड चर्चा झाली नव्हती ती गोष्ट एका छोट्या कंपनीने पडद्यावर आणली. पुढच्याच वर्षी त्याच पोलीस अधिकाऱ्याचे पात्र घेऊन रॉयने 'हाय ट्रीझन' काढला, आणि त्यात शत्रू होते ते वीजकेंद्रांत घातपात करू पाहणारे देशातलेच कटवाले. एका वर्षात भीतीचे तोंड शासनाकडून डाव्या चळवळीकडे वळले. स्पेनमध्ये रुग्णवाहिका चालवणाऱ्याच्या कंपनीचा हा प्रवास अस्वस्थ करणारा आहे. त्याला घाईने 'विश्वासघात' म्हणू नये. पण डोळेझाकही करू नये.

मग १९५६ साली सूर बदलला. अ‍ॅलन हॅकनीच्या कादंबरीवरील 'प्रायव्हेट्स प्रोग्रेस' मध्ये युद्ध म्हणजे कामचुकारपणा, चोऱ्या आणि वशिला. स्टॅन्ली विंडरश हा विद्यापीठातला बावळट तरुण सैन्यात येतो आणि त्याचा ब्रिगेडियर मामा शत्रूच्या प्रदेशातील कलावस्तू लुटण्याच्या मोहिमेत त्याला ओढतो. युद्ध खात्याने चित्रपटाला सहकार्य नाकारले, तेव्हा भावांनी श्रेयनामावलीतच कुणीही सहकार्य न केल्याबद्दल आभार मानले! ब्रिटिश पडद्यावर शौर्यगाथांचा महापूर असताना प्रेक्षकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला. ज्यांनी स्वतः गणवेश घातला होता त्यांना हे सैन्य ओळखीचे वाटले. 'डेझर्ट व्हिक्टरी'च्या दिग्दर्शकाच्याच घरून हे यावे यात विसंगती नाही. तोफांमागचे चेहरे स्टुडिओत कसे घडवतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच चेहऱ्यांमागचे खरे सैन्य दाखवावेसे वाटणार.

यानंतर एकेका संस्थेचा नंबर लागला. 'ब्रदर्स इन लॉ' (१९५७) मध्ये वकिली, त्याच वर्षी 'लकी जिम' मध्ये विद्यापीठ, १९५९ मध्ये 'कार्ल्टन-ब्राउन ऑफ द एफ.ओ.' मध्ये परराष्ट्र खाते, १९६३ मध्ये 'हेवन्स अबव्ह!' मध्ये चर्च. या मालिकेत 'लकी जिम' सर्वांत निराशाजनक. किंग्जली एमिसच्या कादंबरीतला जिमचा राग त्याच्या मनात मुरलेला आहे. निवेदनाच्या शब्दकळेत तो धुमसतो. चित्रपटाने तो काढून घेतला आणि उरली धांदल. उपहास हा भाषेत असतो तेव्हा तो प्रसंगात उचलून ठेवता येत नाही, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

'आय अ‍ॅम ऑल राइट, जॅक' मात्र वेगळा. स्टॅन्ली आता मामाच्या क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात कामगार म्हणून लागतो. तो मनापासून काम करतो, हाच त्याचा गुन्हा. त्याच्या वेगावरून कामाचे प्रमाण ठरवले जाते, कामगार चिडतात, संप होतो; आणि मामाला संपच हवा असतो, कारण मग परदेशी गिऱ्हाइकाचे कंत्राट चढ्या भावाने त्याच्याच भागीदाराच्या कंपनीकडे जाणार असते. कामगारपुढारी फ्रेड काइटच्या भूमिकेबद्दल पीटर सेलर्सला ब्रिटिश अकादमीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. आखूड केस, घट्ट कोट, पुस्तकी जडजंबाल शब्द चुकत वापरण्याची हौस, आणि मनात दूरच्या रशियाचे स्वप्न : तिथे दिवसा गव्हाची शेते आणि संध्याकाळी बॅले!

चित्रपटाची मांडणी समतोल आहे. पैसा खातो मालक. कट करतो मालक. अखेरीस स्टॅन्ली दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात लाचेच्या नोटा उधळतो तेव्हा झुंबड उडते ती सर्वांची, आणि न्यायालयात दोषी ठरतो तो एकटा स्टॅन्ली. दोन्ही पक्ष परस्परांना सांभाळून घेतात. हिशेब मांडला तर मालकांच्या खात्यावरचे पाप जास्त निघेल. पण उपहासाचा हिशेब असा होत नाही. प्रेक्षकांच्या स्मरणात मालक राहिला नाही, काइट राहिला. मालक लबाड आहे, आणि लबाडीला एक रुबाब असतो. काइट हास्यास्पद आहे, आणि हास्यास्पदतेला रुबाब नसतो. ऑगस्टमध्ये चित्रपट आला, ऑक्टोबर १९५९ मध्ये निवडणूक झाली आणि हुजूर पक्ष पुन्हा निवडून आला. चित्रपटामुळे मते फिरली असे मी म्हणत नाही. पण पुढची कित्येक वर्षे ब्रिटनमध्ये कुठे संप झाला की फ्रेड काइटचे नाव निघे; त्याच्या मालकाचे नाव कुणाला आठवत नसे. सारखे फटके मारले म्हणून वळ सारखे उठत नाहीत. ज्याच्या अंगावर कोट जाड, त्याला ते कमी लागतात.

आणि तरीही चित्रपटातला सर्वांत मायेचा प्रसंग काइटच्याच वाट्याला आला आहे. बायकोही त्याच्याविरुद्ध 'संप' करून घर सोडून जाते. त्या अस्ताव्यस्त स्वयंपाकघरात हा पुढारी एकटाच उरतो, आणि त्याला भेटायला येतो तो कारखान्याचा कर्मचारी-अधिकारी. दोघे एकमेकांशी माणसासारखे बोलतात. चित्रपटाच्या प्रारंभी युद्धसमाप्तीच्या दिवशी क्लबात पेंगणारा जो जुना सरदार दिसतो, तोही सेलर्सच. जुने जग गेले, नवे आले, आणि दोन्हींचा चेहरा एकच निघाला. ही थट्टा त्रयस्थाची नाही. १९४५ साली ज्यांनी नव्या जगावर विश्वास ठेवला, त्यांच्या पदरी जे आले त्याची ती मोजणी आहे. 'फेम इज द स्पर' मधली गंजलेली तलवारच इथे विनोदाच्या म्यानात आहे.

आता पुन्हा त्या खटल्याकडे. बोल्टिंग हरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. छोट्या कंपनीत मालक आणि कारागीर एकच असतो. कामगार-मालक ही विभागणी त्याच्या शरीरातून जाते. मात्र उत्तर देताना त्यांनी कारागिराचे नाते नाकारले आणि मालकाचे स्वीकारले, हेही खरे. १९५८ साली फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट यांच्यासह ते ब्रिटिश लायन या सरकारी पैशावर तरलेल्या वितरणसंस्थेच्या संचालक मंडळावर आले होते. १९६४ साली सरकारने ती विकली. घेणाऱ्या गटाचे नेतृत्व मायकेल बॅल्कन यांच्याकडे होते आणि त्या गटात बोल्टिंगही होते. पुढे जॉन तिचा व्यवस्थापकीय संचालक झाला. १९७२ साली कंपनी पुन्हा विकली गेली, आणि नव्या धन्याला रस होता तो चित्रपटांपेक्षा शेपर्टन स्टुडिओच्या जमिनीत. ही कथा हॅकनीने लिहिली असती तर बोल्टिंगांनीच तिच्यावर चित्रपट काढला असता.

जॉन १९८५ साली वारला, रॉय २००१ साली. दोघांची कंपनी तीन तपांहून अधिक काळ चालली, आणि तिने लष्कर, न्यायालय, विद्यापीठ, चर्च, कारखाना यांपैकी कुणालाही सोडले नाही. आपल्याकडे अशा लेखकाला 'निर्भीड' म्हणून गौरवण्याची रीत आहे. तो गौरव खोटा नाही, पण अपुरा आहे. उपहासकाराला बाजू नसते असे नाही; ती त्याच्या विनोदाच्या वजनातून ठरते, आणि ते वजन त्याच्या हाती नसून हसणाऱ्यांच्या हाती असते. म्हणून पुढच्या वेळी वर्गात एखाद्या विनोदी उताऱ्यावर सारे खदखदून हसले, की लेखकाने कुणाकुणाला झोडपले हे विचारून थांबू नये. आपण नेमके कुणाला हसलो, आणि कुणाला हसायचे विसरलो, हेही विचारावे.